पोटकलम चार उघडा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'राष्ट्रीयत्व' असा एक रकाना असतो. आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळांचे बाबू तो वर न बघता भरतात. पोरगं जयहिंद चौकातलं असो की हरिहर पेठेतलं, 'भारतीय' लिहायचं आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. मोर्णा नदीचा पूल ओलांडून सिंधी कॅम्पाकडे गेलं की काही दाखल्यांवर हाच पेन थांबतो. तिथं जन्मस्थळ अकोट नसतं, बाळापूर नसतं, मूर्तिजापूरही नसतं. सिंधमधल्या एखाद्या गावाचं नाव असतं आणि देशाच्या जागी पाकिस्तान.

लेकरू दुसरी-तिसरीत असताना आलेलं असतं. बालभारतीच्या पुस्तकांवर मोठं झालेलं असतं. रोज प्रार्थनेच्या तासाला सगळ्यांसोबत प्रतिज्ञा म्हटलेली असते. वऱ्हाडी इतकी चांगली बोलतं की बसस्टँडवर कोणी त्याला परकं म्हणणार नाही. दहावी होते, बारावी होते, आणि त्या रकान्यावर सगळं अडतं.

असं लेकरू इथं आलं कसं, हे त्याला स्वतःला धड आठवत नाही. फार तर अटारीची रांग आठवते, नाहीतर थर एक्स्प्रेसचा डबा. मुनाबाव-खोखरापार मार्गावरची ती गाडी 2006 च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये थांबली. त्या वर्षांत सिंधमधली कितीतरी हिंदू कुटुंबं यात्रेच्या, नातेवाइकांच्या भेटीच्या व्हिसावर आली आणि परत गेली नाहीत. कोणी जोधपूरला थांबलं, कोणी अहमदाबादला, कोणी इंदूरला. आपल्याकडे उल्हासनगर, जळगाव, नागपूरचं जरीपटका, अकोला, अमरावती. जिथं आपलं माणूस आधी येऊन बसलेलं, तिथं लोक जातात. अकोल्यातली पक्की खोली, कच्ची खोली, अमरावतीचा रामपुरी कॅम्प या वस्त्या फाळणीनंतर आलेल्यांच्याच. संत कंवररामांची 1939 साली सिंधमध्ये रुक स्टेशनावर हत्या झाली. त्यांच्या वंशजांची गादी आज अमरावतीत आहे. सिंध आणि वऱ्हाड यांचं नातं काल-परवाचं नाही.

व्हिसा कोणी काढला? बापानं. मुदत कोणी चुकवली? बापानं. परत जायचं नाही, हे कोणी ठरवलं? मायबापानं मिळून. मग हिशेब सतरा वर्षांच्या पोरीकडून का मागता?

तिच्याकडून तो सेतू केंद्राच्या खिडकीवर मागितला जातो. इंजिनिअरिंगला, मेडिकलला जायचं म्हणून ती डोमिसाइल काढायला जाते. आपण घाईत नुसतं 'डोमिसाइल' म्हणतो. कागदाचं पूर्ण नाव वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र आहे. वय आहे. अधिवास तर आहेच आहे, दहा वर्षं एका गल्लीत राहिली. मधला शब्द नाही, म्हणून कागद नाही.

चौदा वर्षांपर्यंत तिला कोणी अडवलं नव्हतं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 'प्रत्येक बालक' म्हणतो, 'प्रत्येक नागरिक' म्हणत नाही. हे त्या कायद्याचं मोठेपण आहे आणि आमच्या शाळांनी ते पाळलं. पण देशानं आठ वर्षं शिकवायचं आणि मग ओळख विचारायची, यात देशाचाही काय फायदा? आपल्याच खर्चानं शिकवलेली पोरगी आपण आपल्याच कॉलेजच्या फाटकाशी उभी करतो.

2016 साली जयपूरमध्ये हे सगळ्या देशानं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी सिंधमधून आलेल्या एका मुलीला बारावीला 91 टक्के पडले आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तिला भरता येईना. बातमी झाली. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लक्ष घातलं, रस्ता निघाला. स्वराजबाईंचं ते काम चांगलंच होतं. पण पक्क्या खोलीतल्या प्रत्येक पोरीसाठी दिल्लीतल्या मंत्र्यांनी ट्विट करावं लागत असेल, तर तो कायदा झाला का?

आता कायद्याकडे येऊ. नागरिकत्व कायदा 1955 चा. त्यात 2003 साली दुरुस्ती होऊन कलम 2 मध्ये 'बेकायदा स्थलांतरित' कोण, हे लिहिलं गेलं. वैध कागदांशिवाय आलेला परदेशी, किंवा वैध कागदांवर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेला परदेशी. या व्याख्येत वय कुठंच नाही. आईच्या कडेवरून सीमा ओलांडलेलं दोन वर्षांचं लेकरूही त्यात बसतं. आणि एकदा बसलं की नोंदणीचा रस्ता बंद, नागरिकीकरणाचा रस्ता बंद.

याच देशाचा फौजदारी कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेचं कलम 20: सात वर्षांखालच्या मुलानं केलेली कोणतीही गोष्ट अपराध नाही. जुन्या दंडसंहितेत कलम 82 मध्ये हेच होतं, इंग्रजांच्या काळापासून. म्हणजे पाच वर्षांच्या मुलानं घराला आग लावली तरी तो गुन्हेगार ठरत नाही. पाच वर्षांच्या मुलाला बापानं गाडीत बसवून सीमेपार आणलं, तर मात्र तो बेकायदा. एकाच संसदेचे हे दोन कायदे आहेत. यातला कोणता लेकराला ओळखतो?

बरं, इथं जन्मलेल्या लेकराचं तरी भागतं का? नाही. धरून चला, एका घरात दोन भावंडं आहेत. थोरला सिंधमध्ये जन्मला, धाकटी अकोल्यात लेडी हार्डिंग रुग्णालयात. धाकटी भारतीय, असं कोणीही म्हणेल. पण 1 जुलै 1987 नंतर नुसतं इथं जन्मणं पुरेसं राहिलं नाही, आईबापांपैकी एक भारतीय लागतो. 3 डिसेंबर 2004 नंतर तर दोघेही भारतीय लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा नसलेला. आईबाप दोघेही पाकिस्तानी पासपोर्टवरचे असतील, तर मोर्णेकाठी जन्मलेली पोरगीही परदेशी. तिचा देश कोणता, हे तिच्या जन्मगावानं ठरत नाही. बापाच्या फायलीनं ठरतं.

आणि बापाची फाईल हलत नाही. पाकिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो, एकावेळी पाच वर्षांपर्यंत. 2016 पासून त्यावर बँकेत खातं, पॅन, आधार, वाहन परवाना आणि राहण्यापुरतं घर घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी नागरिकत्वाच्या अर्जाची फीही शंभर रुपयांवर आणली. हे सगळं योग्य झालं. पण अर्जावर निर्णय कोणी घ्यायचा? 2016 च्या डिसेंबरात केंद्रानं काही निवडक जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. महाराष्ट्रातले चार: नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे. अकोला नाही. अमरावती नाही. जरीपटक्यातल्या माणसाची फाईल सिव्हिल लाइन्सपर्यंत जाणार आणि पक्क्या खोलीतल्या माणसाची मुंबईला. एकाच गाडीतून उतरलेले दोन भाऊ. एक नागपूरला थांबला, एक अकोल्याला. दुसऱ्याचं काय चुकलं? अडीचशे किलोमीटर अलीकडे उतरला, एवढंच.

दरम्यान लेकरू मोठं होतं. कायद्याच्या कलम 5(1) प्रमाणे आईबाप भारतीय झाले की अज्ञान मुलाची नोंदणी होते. सज्ञान झाल्यावरही होऊ शकते, पण आधी आईबापांची झाली असेल तर. म्हणजे रस्ता सगळा बापाच्या पाठीवरून. बाप वारला, बाप सोडून गेला, बापाचा पासपोर्ट संपून गेला आणि नवा मिळेना, तर लेकरानं काय करायचं?

त्याचं उत्तर याच कलमात, जरा खाली आहे. आजचं सदर मी त्यासाठीच लिहितो आहे. कलम 5, पोटकलम 4. विशेष परिस्थिती आहे अशी खात्री झाली, तर केंद्र सरकार कोणत्याही अज्ञान व्यक्तीची भारताचा नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. कोणत्याही. त्या वाक्यात बापाचा पासपोर्ट नाही. धर्म नाही. देशाचं नाव नाही. पहिल्या पोटकलमात असलेली 'बेकायदा स्थलांतरित नसावा' ही अटही या वाक्यात लिहिलेली नाही. ज्यांनी हे लिहिलं, त्यांना माहीत होतं की कधीतरी एखादं लेकरू सगळ्या चौकटींच्या बाहेर उभं असेल आणि त्याच्यासाठी सरकारच्या हातात एक किल्ली असली पाहिजे.

मग किल्ली फिरत का नाही? कारण 'विशेष परिस्थिती' म्हणजे काय, हे कायद्यानं सांगितलेलं नाही. तो सरकारचा अधिकार आहे, लेकराचा हक्क नाही. अकोल्यातल्या कोणत्या सिंधी बापाला हे पोटकलम माहीत आहे? कोणत्या मुख्याध्यापकाला? आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की ही खिडकी बंद होते. बापाच्या फाईलची वाट बघत बसलेल्या घराला ते कळतं तेव्हा पोरगा एकोणीस वर्षांचा झालेला असतो.

लहानपणी आणलेल्या माणसाचं आयुष्य कसं अडकतं, ते मुंबईत बघा. एक बाई 1966 साली आईच्या पासपोर्टवर युगांडातून बोटीनं मुंबईत आल्या. वय दहा. इथंच वाढल्या. 1977 साली भारतीय माणसाशी लग्न झालं, मुलं भारतीय. मतदार कार्ड मिळालं, आधार मिळालं, वाहन परवाना मिळाला. पासपोर्ट मागितला तेव्हा विचारणा झाली, तुम्ही कुठल्या? आईबाप ब्रिटिश पासपोर्टवाले, जन्म युगांडातला, त्यामुळे भारत नाही म्हणतो. युगांडाच्या वकिलातीनं लिहून दिलं की या कधीच आमच्या नागरिक नव्हत्या. 2019 साली नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं गेलं की वैध व्हिसा-पासपोर्टशिवाय राहत आहेत. त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. पन्नासहून अधिक वर्षं एका शहरात राहिलेल्या, साठी ओलांडलेल्या बाईला आपण दहाव्या वर्षाचा जाब विचारला. त्या दहा वर्षांच्या होत्या तेव्हाच कोणी नोंदवून घेतलं असतं तर? एक अर्ज, एक शिक्का. एवढंच काम होतं.

आधार आणि मतदार कार्ड हातात आहे म्हणून निर्धास्त बसलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ठाण्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. नागरिकत्व ठरतं ते 1955 च्या कायद्यानं. म्हणजे पाकीट भरून कार्डं असली तरी सिंधी कॅम्पातलं पोरगं होतं तिथंच.

केरळातल्या दोन बहिणींचे तर दोन देशांनी मिळून हाल केले. 2008 साली आईबरोबर लहानपणी आल्या. नागरिकत्वासाठी 2017 मध्ये पाकिस्तानी पासपोर्ट परत केले. आपल्या गृहखात्यानं मागितलं पाकिस्तानचं नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र. पाकिस्तानच्या 1951 च्या कायद्यात एकवीस वर्षांखाली नागरिकत्व सोडता येत नाही. त्यांच्या उच्चायुक्तालयानं एवढंच लिहून दिलं की यांना भारतानं घेतलं तर आमची हरकत नाही. ते चाललं नाही. 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी मुलींच्या बाजूनं निकाल दिला, केंद्र अपिलात गेलं, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये खंडपीठानं तो निकाल फिरवला. पासपोर्ट तिकडे जमा. नागरिकत्व इकडे नाही.

इथं अठरा, तिथं एकवीस. या दोन आकड्यांच्या मधे उभ्या असलेल्या पोरींनी कोणता कायदा मोडला?

आता सीएएबद्दल, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याबद्दल. 2019 ची दुरुस्ती, 11 मार्च 2024 ला नियम आले, 15 मे 2024 ला दिल्लीत पहिल्या चौदा जणांना प्रमाणपत्रं मिळाली. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेले. या दुरुस्तीतल्या काही गोष्टी मला मनापासून पटतात. अकराऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य पुरे. आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडल्याबद्दल अर्जदाराचं स्वतःचं निवेदन चालतं, केरळातल्या बहिणींसारखं दुसऱ्या देशाचं प्रमाणपत्र आणावं लागत नाही. इथं कधीपासून आहात, हे दाखवायला शाळेचा दाखलाही धरतात. सरकारला सोपा रस्ता करायचा असला की तो होतो, याचा हा पुरावा आहे.

पण तारीख? सिंधमधलं जे लेकरू 2014 च्या नोव्हेंबरात आलं ते आत, जे 2015 च्या फेब्रुवारीत आलं ते बाहेर. दोघं एकाच बाकावर बसून शिकली. 2025 च्या 1 सप्टेंबरला नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, त्यासोबतच्या आदेशानं 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या याच समुदायांना कागद नसल्याच्या शिक्षेतून सूट दिली. दिलासा मोठा आहे, नाकारत नाही. आता तुरुंग नाही. नागरिकत्वाची तारीख मात्र 2014 वरच आहे. शिक्षा होणार नाही, पण आपलंही म्हणणार नाही. त्या पोराला शिकायचं आहे, नोकरी करायची आहे. नुसत्या सुटकेवर तो काय उभारणार?

आणि धर्म? मी जुन्या शहरात राहतो. इथं राजराजेश्वराची कावड निघते आणि मोहरमही निघतो. 2023 च्या मे महिन्यात याच गल्ल्यांमध्ये दंगल झाली, ती आम्ही सोसली आहे. म्हणून हे स्पष्ट लिहितो. छळ सोसून आलेल्या कुटुंबाला आधी जागा द्यायची, हे मला समजतं. पण चार वर्षांच्या लेकराच्या बाबतीत धर्माची अट मला मान्य नाही. 11 डिसेंबर 1992 ला भारतानं संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. प्रत्येक बालकाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे आणि त्यात धर्मावरून भेद करायचा नाही, असं तिच्यात लिहिलं आहे. आपण तो शब्द दिलेला आहे.

आमच्या बाजूच्या काठावर कागदाचंच दुसरं दुखणं आहे. ही माणसं इथंच जन्मली, पण घरी, सुईणीच्या हातानं. नोंद कोणी केली नाही. 2023 ला जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. पुढं जन्मणाऱ्यांसाठी जन्मदाखला हाच शाळेपासून पासपोर्टपर्यंतचा कागद ठरला. धास्ती मात्र म्हाताऱ्यांनीही घेतली आणि उशिरा नोंदीसाठी रांगा लागल्या. 2025 च्या सुरुवातीला भाजप नेते किरीट सोमय्यांनी आरोप केला की अकोला, अमरावती, मालेगावसह राज्यात हे दाखले बांगलादेशी-रोहिंग्यांना वाटले गेले. चौकशी पथक नेमलं गेलं, गुन्हे दाखल झाले, मार्चमध्ये नवी कडक पद्धत आली. नायब तहसीलदारांना अधिकार नसताना दिलेले दाखले रद्द करायचा हुकूम निघाला. खोटा कागद करणाऱ्याला पकडा, माझी ना नाही. पण अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे बघायचं काम अर्जदार बाईचं होतं का? सहीची चूक कार्यालयाची आणि दाखला गेला तिचा.

दोन्ही काठांवर एकच घडतं आहे. मोठ्यांच्या कागदाची चूक लहानांच्या माथी येते. नदीपल्याड बापाच्या व्हिसाची, नदीअल्याड आजीच्या नोंदीची. सिंधी कॅम्पातल्या माणसांनी आणि जुन्या शहरातल्या गुलजारपुऱ्याच्या माणसांनी एकमेकांची रांग एकदा बघून यावी. भांडण एकमेकांशी नाही.

पक्का कागद नसला की सिंधी कॅम्पात काय होतं, ते एप्रिल 2025 मध्ये दिसलं. पहलगामचा हल्ला झाला, दुसऱ्याच दिवशी अटारीची चौकी बंद केली गेली, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, 27 एप्रिलपर्यंत देश सोडा असा आदेश आला. हल्ला इतका निर्घृण होता की सरकारनं कठोर होणं अटळ होतं. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या हिंदूंना हा आदेश लागू नाही, हा खुलासा लगेच आला. पण खुलासा येईपर्यंतचे तास? ज्यांच्या भीतीनं घर सोडलं, त्यांच्याच देशाचे म्हणून इथं मोजले जाणं, ही त्या घरांतल्या पोरांची त्या आठवड्यातली अवस्था होती. आणि पुढच्या वेळी काही घडलं की पुन्हा तेच. पक्का कागद हातात येईपर्यंत प्रत्येक बातमी त्यांच्या दारावर थाप मारणार.

आपल्या देशाला नागरिकत्वाचा सोपा रस्ता करता येत नाही का? आला होता, सगळ्यात कठीण दिवसांत आला होता. संविधानाचं सहावं कलम काढून बघा. 19 जुलै 1948 पूर्वी पाकिस्तानातून आलेले, ज्यांचा स्वतःचा, आईबापाचा किंवा आजी-आजोबांचा जन्म अखंड हिंदुस्थानातला, ते इथं राहू लागले तेवढ्यावरच नागरिक. त्या तारखेनंतर आलेल्यांनी अर्ज करायचा, त्यासाठी वास्तव्य किती? सहा महिने. लाखो माणसं रस्त्यावर होती, तिजोरी रिकामी होती, काश्मीरमध्ये लढाई सुरू होती. तरी सहा महिने पुरेसे मानले. त्या कलमात धर्माचं नावही नाही. कच्ची खोली आणि पक्की खोली त्या कलमावर उभी आहे. तिथल्या आजोबांना सहा महिन्यांत जे मिळालं, ते मागाहून आलेल्या त्यांच्या चुलतनातवाला दहा वर्षांत मिळत नाही.

अमेरिकेचं उदाहरण आपल्याकडे लगेच पुढं केलं जातं, म्हणून तेही बघू. 1982 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं कागद नसलेल्या मुलांना सरकारी शाळेतून काढता येणार नाही असं ठरवलं. 2001 पासून त्यांच्या संसदेत या मुलांना कायमचं राहू देण्याचं विधेयक येतं आणि पडतं. 2012 च्या 15 जूनला ओबामांनी 'डाका' आणला: सोळाव्या वर्षाआधी आणलेल्यांना हद्दपार करणार नाही, कामाचा परवाना देऊ, दोन-दोन वर्षांसाठी. आठ लाखांवर तरुणांनी तो घेतला. ग्रीन कार्ड मात्र त्यातून मिळत नाही. दर दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, दर निवडणुकीला पुन्हा धास्ती. आपण नक्कल करावी असं ते नाही. पण एक गोष्ट त्यांनी मान्य केली: लहानपणी आणलेला माणूस हा वेगळा प्रश्न आहे, आईबापाच्या फाईलचं शेपूट नाही. आपण अजून तेवढंही म्हटलेलं नाही.

तिकडच्या आपल्या मराठी घरांना तर हे सांगायलाच नको. एच-वन-बीवर गेलेल्या इंजिनिअरनं चार वर्षांची मुलगी रीतसर कागदांनी नेली. देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दशकांची झाली. मुलगी एकविसाची झाली की बापाच्या व्हिसावरून तिचं नाव उतरतं. शाळा तिथली, मित्र तिथले, आणि तिला सांगतात, वेगळा व्हिसा काढ नाहीतर जा. न्यू जर्सीतल्या या भाचीसाठी अकोल्यातला मामा हळहळतो, ते बरोबरच आहे. त्याच मामानं मोर्णा ओलांडून एकदा कॅम्पात जावं. तीच मुलगी तिथं बसली आहे.

"उद्या जो तो लेकरं घेऊन येईल," असं कोणी म्हणेल. मग अटी घाला. चौदा वर्षांच्या आत आणलेला असावा. इथं सात वर्षं सलग राहिलेला असावा. शाळेत गेलेला असावा. पोलिसांची पडताळणी करा, कितीही कडक करा. आईबापांचा निर्णय वेगळा ठेवा, त्यांच्या चुकीची चौकशी त्यांच्याकडे करा. अठरा उलटून गेलेल्यांना अर्जासाठी काही वर्षं द्या, कारण खिडकी त्यांच्या डोळ्यादेखत बंद झाली. परदेशाचं प्रमाणपत्र मिळत नसेल तर सीएएसारखं स्वतःचं निवेदन धरा, सगळ्यांचंच धरा.

पुरावा कोणता, असंही विचारतील. वऱ्हाडात हा प्रश्न विचारायचा? आपल्याकडे शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आहे. पणजोबाची जात सिद्ध करायला आपण शंभर वर्षांपूर्वीचं दाखल-खारीज काढतो, त्याची नक्कल पडताळणी समितीपुढे ठेवतो, आणि समिती ती मानते. 2023 पासून न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधल्या त्याही अशाच जुन्या रजिस्टरांमधून, शाळेच्या आणि महसुलाच्या. मोडीतली एक ओळ चार पिढ्यांची जात ठरवायला पुरते. मग पाचवी ते दहावीची हजेरी एका मुलीची सहा वर्षं ठरवायला का पुरू नये? कोणत्या तारखेला दाखल झाली, कोणत्या तारखेला नाव कमी झालं, सगळं गुरुजींच्या अक्षरात आहे.

यासाठी संसदेत नवा कायदाही लागत नाही. कलम 5(4) मधली 'विशेष परिस्थिती' म्हणजे काय, त्यात लहानपणी आणलेलं आणि इथं शिकलेलं मूल येतं, एवढं केंद्रानं नियमात लिहावं. अठरा उलटलेल्यांसाठी तेवढी एक दुरुस्ती लागेल, ती करावी. अकोला आणि अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागपूरसारखे अधिकार द्यावेत. ते होईपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयानं सिंधी कॅम्पात एक शिबिर घ्यावं. जातीच्या दाखल्यांची, रेशन कार्डांची शिबिरं तुम्ही घेताच. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा अर्ज तिथंच भरून घ्यावा. मुख्याध्यापकांनी दाखल-खारीजच्या नकला मागायची वाट न बघता काढून द्याव्यात. सिंधी पंचायतीनं वकील बसवावा. खासदारांनी आणि आमदारांनी, पक्ष कोणताही असो, या अर्जांचा गठ्ठा स्वतः दिल्लीला न्यावा आणि पोच घेऊनच परत यावं.

नववी-दहावीत बसलेल्यांची यादी शाळांकडे आज तयार आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या अठराव्या वाढदिवसाची तारीखही त्याच रजिस्टरात लिहिलेली आहे. त्या क्रमानं अर्ज लावा, ज्याची तारीख आधी त्याचा आधी, आणि सुरुवात या जूनमध्ये करा.